इंग्लंडमधली जुनी फुटबॉल मैदानं आज बघता येतात का? क्लबांनी ती सोडली तरी का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'हायबरी तेवढं छान जपलंय असं ऐकलं, बाकीची गेली. लंडन-मँचेस्टर मिळून चार दिवस आहेत, काय बघू?' हे 'हायबरी छान जपलंय' आमच्या दाजींचं पेटंट वाक्य आहे. २०१६ पासून प्रत्येक दिवाळीला ऐकतोय. म्हणून लिहायला बसलो, लांबेल.

आधी हायबरी उरकतो. लंडनचा आर्सेनल क्लब तिथे १९१३ ते २००६ खेळला. शेवटच्या सामन्यात विगनविरुद्ध थिएरी ऑन्रीने हॅटट्रिक केली आणि गुडघे टेकून हिरवळीला ओठ लावले. मग क्लब जवळच ६० हजारांच्या नव्या स्टेडियमात गेला. जुन्याच्या पूर्व स्टँडची १९३६ची दर्शनी बाजू वारसा यादीत होती, त्यामुळे तिला हात लावता आला नाही. पश्चिमेचीही ठेवली. उरलेल्या दोन बाजू पाडून फ्लॅट उभे केले आणि जिथे खेळ व्हायचा तिथे रहिवाशांची बाग झाली. बाहेरून देखणं आहे, जरूर बघा. पण याला जपणं म्हणायचं तर लोअर परळला चिमणी ठेवून मॉल केला, तीही गिरणी जपलीच म्हणायची.

आता पूर्व लंडनमधलं अपटन पार्क. मी २००९ ते २०१७ ग्रीन स्ट्रीटच्या एका गल्लीत भाड्याने राहत होतो. वेस्ट हॅमचं मैदान घरापासून पाच मिनिटांवर, क्लब तिथे १९०४ पासून. ग्रीन स्ट्रीट म्हणजे साड्या, सोनं, मिठाई. क्वीन्स मार्केटमध्ये भेंडी-कोथिंबीर. आणि सामन्याच्या दिवशी त्याच रस्त्यावर तांबडा-निळा लोंढा, पोलिसांचे घोडे, घोड्यांची लीद, तळलेल्या कांद्याचा वास. साडीच्या दुकानातल्या बायका दारात उभ्या राहून मिरवणूक बघावी तशा बघायच्या. मला फुटबॉलचं वेड नव्हतं. ते शेजाऱ्यांनी लावलं.

शेजारी म्हणजे पंचाहत्तरीचे एक गोरे गृहस्थ, आयुष्य गोदीत गेलेले. पूर्वेच्या स्टँडमध्ये त्यांचे दोन सीझन पास होते, एक त्यांचा, एक बायकोचा. बायको गेली तरी त्यांनी तिचा पास सोडला नाही. २०१५च्या ऑगस्टमध्ये एकदा कुंपणावरून म्हणाले, 'शनिवारी मोकळा आहेस का? खुर्ची रिकामी असते.' त्या मोसमात मी त्या खुर्चीवर अकरा सामने पाहिले. पैसे घेत नसत. मध्यंतराला माझ्याकडचा थर्मासमधला आल्याचा चहा आणि त्यांचे सँडविच, एवढाच व्यवहार.

शेवटचा सामना १० मे २०१६, मंगळवार संध्याकाळ, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध. खुर्ची अर्थात माझी होती. आणि नेमके त्याच आठवड्यात दाजी लंडनला, कंपनीच्या कामाला, मुक्काम आमच्याकडे. पुण्यात बांधकामाच्या धंद्यात आहेत, टीव्हीवर आर्सेनल बघतात. म्हणाले, 'अरे, ऐतिहासिक मॅच आहे म्हणे, एखादं तिकीट बघ ना.' तिकीट कुठलं मिळायला! रात्री ताईचा फोन. मग आईचा, 'जावई आहेत ते, एवढ्या लांबून आलेत, तू काय तिथेच असतोस.' शेजाऱ्यांना विचारलं. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, 'तुझी खुर्ची आहे, तू ठरव.' मी दिली.

त्या दिवशी युनायटेडची बस बार्किंग रोडच्या कोपऱ्यावर अडवली, बाटल्या फेकल्या, सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला. बाटल्या फेकणारे मूर्खच होते, त्यांचं कौतुक नाही. मी घरी टीव्हीपुढे. मैदानाजवळ राहणाऱ्याला एक गंमत माहीत असते, की गोल आधी खिडकीतून ऐकू येतो आणि काही सेकंदांनी टीव्हीवर होतो. वेस्ट हॅमचा पहिला असाच ऐकला. मग मार्शियालने दोन मारले, युनायटेड २-१. बहात्तरावं मिनिट. बाहेर शांतता.

शहात्तराव्या मिनिटाला खिडकी हादरली. अँटोनियो, २-२. थोड्या वेळाने बेल वाजली. दारात दाजी! 'हरतायत रे, म्हटलं गर्दीत अडकायला नको, सकाळचं विमान आहे, बॅग भरायची राहिलीय.' ते वाकून बुटाची नाडी सोडत होते आणि खिडकीतून असा आवाज आला की समोरच्या घरातलं बाळ रडायला लागलं. टीव्हीवर पायेटची फ्री किक अजून हवेत होती. विन्स्टन रीड, ऐंशीवं मिनिट, ३-२. दाजी एक बूट हातात घेऊन म्हणाले, 'झाला का गोल?'

सामन्यानंतर जुने खेळाडू काळ्या टॅक्सीत बसून मैदानात आले, दिवे मालवले, आतषबाजी झाली. ३५ हजार माणसं जागची हलली नाहीत. एक खुर्ची रिकामी होती, आणि ती कोणाची होती ते सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी शेजारी कुंपणापाशी भेटले. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, 'पाहुण्यांची बॅग भरून झाली का?'

पुढे मैदान पाडलं, तिथे आठशेहून जास्त फ्लॅट झाले. क्लब स्ट्रॅटफर्डला ऑलिंपिकच्या स्टेडियमात गेला. शेजारी एकदा जाऊन आले. धावपट्टीच्या पलीकडे खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात म्हणाले, परत गेले नाहीत.

क्लबांनी मैदानं का सोडली, याचं उत्तर तुम्हाला ठाऊकच असेल. १९८५ला ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसं गेली, १९८९ला हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीत ९७. त्यानंतरच्या चौकशीच्या टेलर अहवालामुळे लीगच्या वरच्या दोन श्रेणींतल्या क्लबांच्या मैदानांवर उभं राहून बघणं बंद झालं. खुर्च्या टाकल्या की माणसं कमी मावतात, चारी बाजूंना घरं असल्याने वाढायला जागा नाही, आणि खालच्या जमिनीला सोन्याचा भाव. विका आणि गावाबाहेर बांधा. दाजी इथेच थांबतात, 'यात चूक काय?'

चूक काय ते ब्रायटनवाल्यांना विचारा. संचालकांनी गोल्डस्टोन मैदान विकून टाकलं तेव्हा जायला दुसरी जागाच ठरलेली नव्हती. १९९७ला शेवटचा सामना झाला, पुढे दोन मोसम 'घरचे' सामने खेळायला सत्तर मैलांवर जिलिंगमला, मग बारा वर्षं ॲथलेटिक्सच्या एका मैदानावर. स्वतःचं स्टेडियम २०११ला मिळालं. गोल्डस्टोनच्या जागी मोठमोठी दुकानं आहेत. बोल्टनच्या बर्नडेन पार्कच्या जागी तर सुपरमार्केट, जिथे १९४६ला चेंगरून ३३ माणसं गेली होती.

माझ्या मते बरं जपलंय ते उत्तरेकडे, तेही अगदी स्वस्तात. संडरलंडच्या रोकर पार्कवर साधी घरं आहेत, पण गल्ल्यांची नावं प्रमोशन क्लोज, गोलमाउथ क्लोज, मिडफील्ड ड्राइव्ह. पत्ता सांगताना मैदान तोंडी येतंच. मिडल्सबरोच्या एअरसम पार्कवर १९६६च्या विश्वचषकात उत्तर कोरियाने इटलीला १-० हरवलं होतं. पाक दू इकने जिथून गोल मारला तिथे, घरांच्या मधल्या गवतात, बुटाच्या खिळ्यांचे ब्राँझचे ठसे आहेत. माहीत नसेल तर पाय देऊन पुढे जाल. वारसा यादी नाही, संगमरवर नाही. पण हे तुमच्या चार दिवसांत बसणार नाही.

मँचेस्टरला मेन रोड, म्हणजे मँचेस्टर सिटीचं जुनं मैदान, बघायला खास जाऊ नका. १९३४ला तिथे ८४,५६९ लोक मावले होते, आता घरं आहेत.

एक सांगायचं राहिलं, नाहीतर अपटन पार्क म्हणजे पंढरपूर असं वाटेल. माझे पंजाबी घरमालक चाळीस वर्षं त्या भागात राहिले आणि एकदाही आत गेले नाहीत. सत्तर-ऐंशीच्या दशकात सामन्याच्या दिवशी ते दुकानाचं शटर अर्धं ओढून घ्यायचे, कारण मैदानाबाहेर नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचे लोक आपली पत्रकं विकायचे. मैदान पाडलं तेव्हा त्यांना काडीचं दुःख झालं नाही, आणि ते बरोबर होते. लंडनला घरं हवी आहेत, हेही दाजींचं खरं आहे. पण मुद्दा तो नव्हता.

तर लंडनमधली एक दुपार अशी घालवा. डिस्ट्रिक्ट लाइनने अपटन पार्क, स्टेशनबाहेर उजवीकडे, सरळ बार्किंग रोडपर्यंत. कोपऱ्यावर १९६६चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या कर्णधाराला, बॉबी मूरला, सहकाऱ्यांनी खांद्यावर घेतलेला पुतळा आहे. चौघांतले तीन वेस्ट हॅमचे, चौथा एव्हर्टनचा रे विल्सन, त्याच्याकडे कोणी बघत नाही. समोर बोलिन पब. परतताना क्वीन्स मार्केट करा, भूक लागलेलीच असेल.

आणि जुन्या मैदानाऐवजी एखादा सामनाच बघायला मिळाला तर शेवटची शिट्टी होईपर्यंत खुर्चीवरून उठू नका. दाजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. 'नंतर फार गर्दी होते' असं मीच सांगितलं होतं, कबूल. पण ते स्टेशनवरच्या गर्दीबद्दल होतं. आपलं घर चालत पाच मिनिटांवर होतं.