गड्ड्यावरचं कोलंबस आणि मोठ्या पार्कातलं जहाज यात खरा फरक काय? मुलांना कुठे बसवावं?

तुम्ही विचारलंय की मुलांना जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्यावरच (सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेत) कोलंबसमध्ये, म्हणजे झुलणाऱ्या जहाजात, बसवावं, की सुट्टीत हैदराबादकडच्या एखाद्या मोठ्या पार्कात न्यावं. प्रश्न रास्त आहे. पण त्यात तुम्ही सहज लिहून गेलात की "गड्ड्यावरचं म्हणजे पार्कातल्या जहाजाची स्वस्त नक्कल असणार". या एका वाक्यासाठी मी उत्तर लिहायला बसलो.

नक्कल कुणी कुणाची केली ते आधी बघा. झुलणारं जहाज अमेरिकेत चार्ल्स मार्शल नावाच्या माणसाने १८९० च्या दशकात बनवलं आणि १८९७ साली ते मार्शल बंधूंच्या सर्कशीत लोकांना बसायला मिळालं. म्हणजे गावोगाव फिरणारा, सोडून गाड्यावर चढवायचा, पुढच्या गावात परत उभा करायचा खेळ. डिस्नेलँड उघडलं १९५५ साली. जर्मनीच्या हुस, इटलीच्या झांपेरला अशा कंपन्यांनी पुढे मोठी, देखणी जहाजं बनवली, त्यांचं काम उत्तम आहे. पण हा खेळ जत्रेचा आहे आणि पार्कवाल्यांनी तो जत्रेतून उचलला.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो. त्याआधी यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो. गड्डा लागला की पाळणेवाल्यांची काही ना काही कामं निघतात. कुणाचा गिअर आवाज करतो, कुणाच्या जिन्याची पायरी सुटते. अशी कामं करताना ही यंत्रं मी पोटातून बघितली आहेत.

एका वर्षी यात्रेतल्या दारूकामाच्या (फटाक्यांच्या आतषबाजीच्या) दिवशी सकाळी कोलंबसच्या मालकांचा निरोप आला. मुख्य शाफ्टच्या एका बाजूने कटकट आवाज येतोय म्हणाले. जाऊन बघितलं, चैनकप्पी लावून जहाजाचं वजन उचलून धरलं, प्लमर ब्लॉक, म्हणजे बेअरिंगचं घर, उघडला. ग्रीस वाळून खडखडीत झालं होतं आणि बेअरिंगच्या कडीचा टवका उडाला होता. बेअरिंग सोलापुरात दुपारपर्यंत मिळालं. ते बसवताना मला ए-फ्रेमच्या (जहाज ज्यावर टांगलेलं असतं त्या A आकाराच्या खांबांच्या) एका जोडावर रंगाखालून गंजाचा बारीक ओघळ दिसला. असा ओघळ दिसला की मी पुढे सरकत नाही. वेल्डिंगच्या कडेला भेग पडली की आत पाणी शिरतं आणि गंज रंगातून वाट काढतो. रंग खरवडला आणि डीपी टेस्ट, म्हणजे भेग शोधायची चाचणी, केली. त्यात जागा साफ करून लाल रंग मारतात, थोडा वेळ मुरू देतात, पुसून काढतात आणि वर पांढरी पावडर फवारतात. भेग असेल तर त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. उमटली. केसासारखी होती, बोटभर लांब.

मालक लातूरकडचे, वयस्कर माणूस. म्हणाले, "मिस्त्री, आज दारूकाम हाय. आजची रात्र गेली तर समदा हंगाम गेला बघा." ज्यांनी गड्डा भरतो त्या होम मैदानावरची ती गर्दी बघितली आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. मी म्हणालो, "मालक, भेग हाय." त्यांनी वाकून ती रेघ नीट बघितली, हात लावून बघितली, आणि तिकिटावरच्या पोराला हाक मारली, "दोरी बांध. आज बंद."

मग संध्याकाळपासून काम सुरू केलं. भेग वरून लिंपून चालत नाही, ग्राइंडरने मुळापर्यंत उकरून काढावी लागते. वेल्डिंगची ७०१८ नंबरची कांडी भट्टीत तापवून कोरडी करून आणली, कारण ओलसर कांडीने मारलेला जोड आतून परत तडकतो. आभाळात दारूकाम चाललेलं, सगळं मैदान वर बघतंय आणि आम्ही तिघं खाली वाकून जोड भरतोय. जोड गार झाल्यावर मी परत टेस्ट घेतली, रेघ आली नाही. तरी मालक म्हणाले की सकाळी उजेडात एकदा बघा आणि रिकामं जहाज तासभर चालवून बघा, मगच माणसं बसवू.

आता पुढचं ऐका. माझी अक्का आणि दाजी पुण्याला असतात. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला दरवर्षी येतात. त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे गड्ड्यावर गेलो. भाचरं कोलंबसकडे धावली तर दाजींनी त्यांचे दंड धरून मागे ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "असल्या भंगारात पोरं बसवतात का? पुण्यात कुणाला सांगितलं तर हसतील." ज्या माणसाने आदल्या रात्री हंगामाची कमाई सोडून दिली होती तो हातभर अंतरावर उभा होता. त्यांनी ऐकलं आणि सुट्टे पैसे मोजत राहिले. मी दाजींना तिथे काही बोललो नाही. अक्काचा नवरा, काय बोलणार. पण ते मला लागलं आणि अजून लागतं.

मे महिन्यात दाजींनीच बेत काढला. आम्ही सगळे हैदराबादला गेलो. सोलापूरहून तीनशे किलोमीटरच्या आसपास, सोईचं पडतं. तिथल्या एका मोठ्या पार्कात जहाजाच्या रांगेत उभे असताना दाजी म्हणाले, "बघ, याला म्हणतात जहाज. दुप्पट मोठं, दुप्पट जोर."

माझी मुलगी इंजिनीअरिंगला आहे. ती म्हणाली, "आतोबा, जोर उंचीवर नसतो, कोनावर असतो." दाजींनी हसण्यावारी नेलं. तिने फोनमधलं प्रवेग मोजायचं ॲप चालू केलं, फोन जाकिटाच्या आतल्या खिशात घट्ट बसवला आणि मधल्या रांगेत बसली. पुढच्या जानेवारीत गड्ड्यावर तेच केलं, मधल्याच रांगेत. दोन्हीकडे जहाज तळाशी येतं तेव्हाचा आकडा आपल्या वजनाच्या पावणेदोनपटीच्या आसपास आला. दोन जहाजांत डावं-उजवं करण्याइतका फरकच नव्हता.

याचं कारण पंचमीच्या झोक्यावर बसलेल्या कुणालाही कळेल असं आहे. जहाज लंबरेषेपासून ६० अंश वर गेलं, तर वरच्या टोकाला क्षणभर आपलं वजन निम्मं भासतं आणि तळाशी दुप्पट. ४५ अंशांपर्यंतच गेलं, तर वर सुमारे ७० टक्के आणि तळाशी साधारण १.६ पट. यात जहाज ज्या दांड्यांवर लटकतं त्यांची लांबी कुठेच येत नाही. लांबी चौपट केली तर तळाचा वेग दुप्पट होतो, पण ज्या वर्तुळावरून आपण फिरतो तेही चौपट मोठं होतं, म्हणून सीटवर दाबणारा जोर तेवढाच राहतो. ६० अंशांवरून सुटलेलं, ४ मीटर दांड्यावर लटकलेलं जहाज तळाशी ताशी साडेबावीस किलोमीटरच्या आसपास असतं, ९ मीटरचं ३४ च्या आसपास. आकडा मोठा दिसतो, पोटाला दाब सारखाच.

फरक आहे तो वेळेचा. ४ मीटर लांबीचा लंबक एक जाणं-येणं सुमारे ४ सेकंदांत करतो, ९ मीटरचा ६ सेकंदांत. मोठ्या कोनात थोडा जास्त वेळ लागतो, पण प्रमाण तेच. म्हणून मोठ्या जहाजात टोकाला गेल्यावर पोटात जो गोळा येतो तो जास्त वेळ राहतो, आणि खाली बघितलं की जमीन खरंच लांब दिसते. गड्ड्यावरचं जहाज भरभर झुलतं, एक गोळा बसायच्या आत दुसरा येतो. कुणाला हे आवडतं, कुणाला ते. मला विचाराल तर गड्ड्यावरचं जास्त अंगावर येतं. थंडी असते, मौत का कुवाँमधल्या गाड्यांचा आवाज कानात असतो, समोर तळं आणि किल्ला दिसतो आणि शेजारी अनोळखी माणूस तेलुगूत ओरडत असतो. पार्कात सगळं धुतल्यासारखं असतं.

दुसरा फरक खालच्या माणसाचा. दोन्हीकडे बहुतेक जहाजांच्या पोटाखाली मोटरवर फिरणारं टायर असतं, ते वर उचललं की जहाजाला घासून ढकलतं, किंवा तसंच घासून थांबवतं. पार्कात हे बरंचसं ठरावीक वेळेनुसार यंत्रच करतं. गड्ड्यावर तो लिव्हर माणसाच्या हातात असतो. तो माणूस जाणता असेल तर जहाज एका लयीत चढतं, कुठे हिसका बसत नाही. रात्री दव पडून टायर घसरायला लागलं की त्याला ते आवाजावरून कळतं आणि तो चढण कमी करतो. नवखं पोरगं असेल तर पब्लिकच्या आरोळ्यांवर जोर लावत सुटतं. म्हणून मी सांगतो, जहाजाच्या आकाराकडे बघू नका, एक पूर्ण फेरी बाजूला उभं राहून लिव्हरवाल्याकडे बघा. त्याची नजर जहाजावर आहे की फोनमध्ये, एवढं कळलं तरी पुष्कळ.

आता जे दाजी कधीच नीट बोलले नाहीत पण ज्यात दम आहे ते मीच सांगतो. पार्कातल्या मांडीवरच्या दांड्याला कुलूप असतं आणि चांगल्या जहाजात सगळे दांडे बसल्याशिवाय मोटर चालूच होत नाही. गड्ड्यावर दांडा कडीने किंवा पिनेने अडकवतात, आणि तो बघायचं काम पोरांवर असतं. शिवाय एका रांगेला एकच दांडा असला की तो मोठ्या माणसाच्या मांडीवर टेकतो आणि शेजारच्या लहान पोराच्या मांडीवर पोकळी राहते. पार्कात उंचीची काठी घेऊन माणूस उभा असतो, ती नियमाची गोष्ट आहे. गड्ड्यावर तो नियम तुम्हीच पाळायचा. तिसरी गोष्ट, जत्रेचं जहाज सतत उघडतं आणि जोडतं. दर वेळी पिना काढल्या-घातल्या की भोकं लांबट होत जातात, खांबांच्या पायाखालचे लाकडी ओंडके दबतात, लेव्हल जाते. पार्कातलं जहाज काँक्रीटमध्ये रुतून एका जागी उभं असतं, त्याला हा त्रास नाही. पार्काच्या तिकिटात तुम्ही पैसे भरता ते या रोजच्या तपासणीचे. जास्त जोराचे नाहीत.

पण काँक्रीटमधल्या जहाजालाही वेल्डिंग असतं आणि वेल्डिंग कुणाचंही थकतं. हजारो वेळा इकडून तिकडे ताण बसला की लोखंड ताकदीपेक्षा कमी वजनातही तडकतं. तिथे रंग ताजा असतो म्हणून दाजींना भरवसा वाटला. मला ताज्या रंगाचीच जास्त शंका येते, कारण त्याखाली ओघळ दिसत नाही. तपासणारा माणूस कोण आहे आणि भेग सापडल्यावर मालक दोरी बांधतो का, हे दोन्हीकडे महत्त्वाचं. मी एका मालकाला दोरी बांधताना बघितलंय, तेही वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री. दाजींना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एखादा असेल तसा." असेल. पण ज्याच्या जहाजाला दाजी भंगार म्हणाले तो नेमका तोच होता.

तर तुमची मुलं. वय लिहिलं नाहीत म्हणून अंदाजाने सांगतो. दांडा मांडीवर घट्ट बसत नाही असं पोर गड्ड्यावर बसवू नका, मांडीवर घेऊन तर मुळीच नको. त्यांच्यासाठी गड्ड्यावर छोटे पाळणे आणि ड्रॅगन ट्रेन आहे. दांडा बसतो आणि स्वतः बसायचं म्हणतं अशा पोराला मधल्या रांगेत बसवा. शेवटच्या रांगा टोकाला असतात, तिथला माणूस मधल्यापेक्षा बराच वर जातो आणि गोळा सगळ्यात मोठा तिथेच येतो. बसायच्या आधी खांबांच्या जोडांवर नजर टाका, गंजाचा ओघळ दिसला तर पुढच्या पाळण्याकडे चला. पिनेच्या टोकाला आडवी क्लिप आहे का बघा. तिच्या जागी तार गुंडाळलेली दिसली तर बसू नका आणि मालकाला तोंडावर सांगा, चांगला मालक राग मानत नाही.

हैदराबादला जायचं असेल तर जरूर जा, एका तिकिटात दिवसभर सगळे पाळणे मिळतात आणि पाण्याचे खेळ गड्ड्यावर नाहीत. फक्त एका जहाजासाठी तीनशे किलोमीटर जाऊ नका. आणि गड्ड्यावर जाल तर दारूकामाच्या रात्री नको, त्यानंतर आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास जा. गर्दी कमी असते, पोरं दांडे निवांत तपासतात आणि लिव्हरवर बहुतेक वेळा जुना माणूसच बसलेला असतो.