धावायला सोबत कुठला कुत्रा?

प्रश्न: ताई, मी गुहागरला राहतो, रोज पहाटे किनाऱ्यावर धावतो. सोबतीला हस्की आणायचं मनात आहे, आणू का?

उत्तर: नको आणूस रे. हस्की सायबेरियाच्या थंडीतला, अंगावर केसांचे दोन थर, आणि कुत्रा गार होतो तो मुख्यतः धापा टाकून, आपल्या दमट हवेत तेच नीट होत नाही, हीटस्ट्रोकने जीवसुद्धा जातो. आखूड केसांचा बघ. कारवान, म्हणजे आपल्याकडचा शिकारी जातीचा कुत्रा, पळायला भारीच, पण ससा-मांजर दिसलं की सुसाट सुटतो, पट्टा सोडू नकोस. मला विचारशील तर गावठी पिल्लूच घे, काटक आणि इथल्या हवेला सरावलेलं. फक्त ते वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत लांब पळवू नकोस, हाडं कच्ची असतात, आणि गोचिडी रोज तपास.