हॉटेलच्या वायफायवर लॉगिन होत नाही, रेडियस सर्व्हरपर्यंत (लॉगिन तपासणारा सर्व्हर) काय पोचतंय ते कसं बघायचं?

वायरशार्क नको, सर्व्हरवरच रूट होऊन टीसीपीडंप लाव (दोन्ही नेटवर्कवरची पॅकेटं दाखवतात): टीसीपीडंप -आय एनी -एनव्हीव्ही यूडीपी पोर्ट १८१२ (रेडियसचा पोर्ट), आणि मग कळंगुटच्या हॉटेलातल्या स्टाफला फोन करून लॉगिन करायला सांग.

काहीच दिसलं नाही तर पॅकेट वाटेतच गेलं, किंवा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) जुना असून जुन्या पोर्टवर, १६४५ वर पाठवतोय, तो पोर्टपण बघ. ॲक्सेस-रिक्वेस्ट (लॉगिनची विनंती) त्याच आयडीने परत परत येतेय आणि सर्व्हर गप्प, तर बहुतेक ॲक्सेस पॉइंटचा आयपी सर्व्हरच्या क्लायंट लिस्टमध्ये नाही नायतर शेअर्ड सीक्रेट (ॲक्सेस पॉइंट आणि सर्व्हरमधला गुप्त पासवर्ड) चुकलंय, कारण ईएपीमध्ये (वायफाय लॉगिनची पद्धत) सीक्रेट जुळलं नाही की सर्व्हर रिजेक्टसुद्धा पाठवत नाही, सरळ टाकून देतो (लॉगमध्ये मात्र ओरडतो, तो वाच). फायरवॉलपण तपास हां, टीसीपीडंप तिच्या आधीच पॅकेट बघतो, म्हणजे इथे दिसलं तरी रेडियसला मिळालंच असं नाही.

ॲक्सेस-चॅलेंज (सर्व्हरचा 'पुढचं पाठव' असा निरोप) जातंय आणि फोन पुढे बोलतच नाही, तर सर्व्हरचं सर्टिफिकेट बघ, पासवर्ड बदलत बसू नको. रिजेक्ट आला तरच युजरनेम पासवर्डकडे वळ.