प्लास्टिकच्या फिल्ममध्ये चार्ज नेमका कुठे साठतो आणि बाहेर कसा येतो?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. फिल्म कपॅसिटरमध्ये जो चार्ज आपण वापरतो तो फिल्मच्या आत नसतोच! तो असतो दोन्ही बाजूंच्या धातूच्या थरांवर, आणि मधली काही मायक्रॉनची पॉलिप्रॉपिलीन फिल्म फक्त पोलराइज होते, म्हणजे रेणूंमधले इलेक्ट्रॉन जागच्या जागी किंचित सरकतात, बस. त्यामुळे सर्किट जोडलं की चार्ज झटक्यात निघतो, मायक्रोसेकंदातसुद्धा, कारण बॅटरीसारखी केमिकल रिअ‍ॅक्शन व्हायची नसते.

ऊर्जा किती मावणार हे डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (पदार्थ किती पोलराइज होतो याचा आकडा) आणि फील्डचा, म्हणजे फिल्मच्या जाडीमागे पडणाऱ्या व्होल्टेजचा, वर्ग यावर ठरतं. पॉलिप्रॉपिलीनचा कॉन्स्टंट जेमतेम 2.2, पीव्हीडीएफ या दुसऱ्या प्लास्टिकचा 10 च्या आसपास, तरी पॉवर कपॅसिटरमध्ये पॉलिप्रॉपिलीनच चालतं, कारण चांगली फिल्म मायक्रॉनला 600 व्होल्टच्या आसपास तग धरते आणि लॉस नगण्य. पीव्हीडीएफमध्ये डायपोल (एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण चार्ज असलेले रेणूंचे भाग) फिरवायला घातलेली ऊर्जा सगळी परत येत नाही, बरीच उष्णतेत जाते. मला विचाराल तर भरलं किती यापेक्षा परत आलं किती तेच आधी बघावं. पॉलिप्रॉपिलीनची खरी अडचण तापमान, 105 अंशांच्या पुढे त्याचं काही खरं नाही.

आता खरोखर फिल्मच्या आत चार्ज हवा असेल तर इलेक्ट्रेट, म्हणजे चार्ज दीर्घकाळ धरून ठेवणारी फिल्म. टेफ्लॉनच्या फिल्मवर कोरोना डिस्चार्जने (हाय व्होल्टेजमुळे हवेत होणाऱ्या विद्युत स्रावाने) इलेक्ट्रॉन मारले की ते ट्रॅपमध्ये अडकतात, म्हणजे साखळीतले दोष, अशुद्धी, स्फटिकी आणि अस्ताव्यस्त भागांच्या सीमा वगैरे, आणि तिथे वर्षानुवर्षं पडून राहतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत सेसलर आणि वेस्ट यांनी 1962 मध्ये याच जोरावर फॉइल इलेक्ट्रेट मायक्रोफोन बनवला. हा चार्ज सोडवायचा तर फिल्म हळूहळू तापवायची आणि करंट मोजत राहायचा, उथळ ट्रॅप (ज्यातून इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेत सुटतो) आधी रिकामे होतात, खोल नंतर, आणि करंटचं शिखर कुठल्या तापमानाला आलं त्यावरून ट्रॅप किती खोल होता याचा अंदाज बांधता येतो. (मला स्वतःला हा प्रयोग फार आवडतो, पण ग्राफ वाचणं वाटतं तितकं सोपं नाही, शिखरं एकमेकांत घुसतात.)

कपॅसिटरच्या फिल्ममध्येही थोडा चार्ज असा अडकतोच, शिवाय काही डायपोल आळशीपणे परततात, म्हणून डिस्चार्ज करून मोकळा ठेवलेला कपॅसिटर थोड्या वेळाने परत व्होल्टेज दाखवतो. पॉलिएस्टरमध्ये हे जास्त, पॉलिप्रॉपिलीनमध्ये फारच कमी. पण हाय व्होल्टेजचा मोठा कपॅसिटर असेल तर हे प्रमाण कमी आहे या भरवशावर राहू नका, डिस्चार्ज केल्यावर दोन्ही टर्मिनल तारेने जोडूनच ठेवा.