दोन मतांचा निकाल आणि पंधरा दिवस

प्रश्न : वकीलताई, आमच्या ग्रामपंचायतीच्या प्रभागात आमची उमेदवार दोन मतांनी पडली. वर्षापूर्वी वारलेल्या एका गृहस्थांच्या नावावर मतदान झालं. आमच्या मतदान प्रतिनिधीनं ते आपल्या यादीवर टिपून ठेवलंय. दोन बायका सांगतात की त्या केंद्रावर पोचल्या तेव्हा त्यांच्या नावानं आधीच मत पडलं होतं, त्यांना तसंच परत पाठवलं. पुण्याला राहणारं एक जोडपं मतदानापुरतं येऊन गेलं. मोजणीच्या टेबलावर आमच्या माणसांनी 'परत मोजा' म्हटलं, कुणी ऐकलं नाही. उमेदवार आता म्हणते, झालं ते झालं, मला कोर्टाची पायरी चढायची नाही. आम्ही तिघी साध्या मतदार. आम्हाला कोर्टात जाता येईल का? आणि गावातच राहायचं आहे, त्याचीही धास्ती वाटते.
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा निकालाला नऊ दिवस झाले होते. अंक छापून घरोघरी जाईपर्यंत मुदत उलटली असती, म्हणून त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तेव्हा जे बोलले तेच इथे तुमच्या परवानगीनं सविस्तर लिहिते आहे. अशी पत्रं प्रत्येक निवडणुकीनंतर येतात आणि बहुतेक वेळा उशिरा येतात.

कोर्टात जाता येतं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १५ हा हक्क उमेदवाराला देतं आणि त्या निवडणुकीत मत द्यायला पात्र असलेल्या कुणालाही देतं. उमेदवाराची संमती लागत नाही, तिची सही लागत नाही. मुदत निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांची. अर्ज करायचा तो दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी आपल्या तालुक्याच्याच कोर्टात. नगरपालिका आणि महापालिकेला तर दहाच दिवस मिळतात. आमदार-खासदारांच्या निवडणुकीला १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा लागतो. तिथेही मतदार याचिका करू शकतो, पण ती थेट उच्च न्यायालयात, ४५ दिवसांच्या आत आणि दोन हजार रुपये अनामत भरून. ४६ व्या दिवशी आलेल्या याचिकेचा उशीर माफ करायचा अधिकार उच्च न्यायालयालाही नाही.

मतदारानं असं उभं राहणं नवीन नाही. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांना हरवलं, त्या निकालाविरुद्धची याचिका एका मतदाराच्या नावानं होती. ती टिकली नाही. पण १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या प्रकरणात जे सांगितलं त्यावर आम्ही वकील आजही चालतो : ज्या तथ्यांवर तुमची मागणी उभी आहे ती याचिकेतच आली पाहिजेत. मागाहून साक्षीत सांगू, असं चालत नाही.

तुमच्या पत्रात 'फक्त दोन मतं' हे शब्द दोनदा अधोरेखित केलेले होते. फरक कमी आहे हे निकाल रद्द करायचं कारण होत नाही, तेवढ्यावर फेरमोजणीचा आदेशही मिळत नाही. २०२४ च्या लोकसभेत मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांच्यावर ४८ मतांनी विजय मिळवला. साडेचार लाखांवर मतं दोघांनाही होती, म्हणजे फरक नाममात्रच म्हणायचा. तरी त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं कीर्तिकर यांची याचिका साक्षीपुराव्यापर्यंत न जाताच फेटाळली, कारण आवश्यक तथ्यं याचिकेत पुरेशी मांडलेली नाहीत असं न्यायालयाला दिसलं. आणि महाराष्ट्रातल्या अख्ख्या विधानसभा निवडणुकीलाच एका मतदारानं रिट याचिकेतून, म्हणजे निवडणूक याचिकेच्या वाटेनं न जाता घटनेनं दिलेल्या अधिकाराखाली, आव्हान दिलं, तेव्हा ती याचिका २५ जून २०२५ रोजी फेटाळली गेली. संशय कितीही मोठा असो, कोर्ट विचारतं : कोणतं मत, कुणाच्या नावावर, कोणत्या केंद्रावर?

त्या मापानं तुमचं पत्र मी लाल पेनानं वाचलं.

पुण्याच्या जोडप्याचा मुद्दा मी काढून टाकायला सांगितला. नाव यादीत असेल तर ते तिथे का आहे, हा वाद यादी अंतिम होण्याआधी हरकत घेऊन करायचा असतो. निकालानंतर कोर्ट यादी उसवत बसत नाही. 'परत मोजा'चं बळही फारसं नाही, कारण ती मागणी निकाल जाहीर होण्याआधी लेखी द्यावी लागते आणि कारणं लिहावी लागतात. तोंडी ओरडल्याचा कागद मागे उरत नाही. शिवाय ग्रामपंचायतीच्या यंत्राला व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी छापणारं जोडयंत्र, नसतं. दहा वेळा बटण दाबलं तरी यंत्र तोच आकडा दाखवणार.

मयत गृहस्थांचा मुद्दा मात्र धरून ठेवा. त्यांच्या मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीच्याच दप्तरात मिळेल. तुमच्या प्रतिनिधीनं ज्या यादीवर खुणा केल्या ती मूळ प्रत, तिच्या कडा फाटल्या असतील तरी तशीच सांभाळा, स्वच्छ नक्कल करून मूळ फेकू नका. मतदारांच्या सह्या-अंगठ्यांची नोंदवही मतदान संपल्यावर मोहोरबंद होते, ती कोर्टाच्या हुकमाशिवाय उघडत नाही. म्हणून ती जपून ठेवावी आणि कोर्टात आणावी, ही विनंती पहिल्याच दिवशी अर्जासोबत करा.

दोन बायकांबद्दल वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं. आपल्या नावावर आधीच मत पडलेलं आढळलं तर मतदारानं आपली ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागायची असते. केंद्राध्यक्षांनी ती द्यायची असते. ते मत वेगळ्या पाकिटात राहतं आणि मोजणीत धरलं जात नाही, पण कोर्टात तेच पाकीट बोलतं. तुमच्या दोघींना हे कुणी सांगितलं नाही.

माझी वकिली नुकती सुरू झाली होती तेव्हाचं एक प्रकरण सांगते. तेव्हा कागदी मतपत्रिका होत्या. प्रभागात एकाला २१२ मतं, दुसऱ्याला २११. हरलेल्यानं हात वर केले आणि पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका मतदारानं अर्ज केला. त्याच्याकडे एकच गोष्ट होती : त्याच्या शेजारच्या आजींच्या नावावर कुणीतरी मत देऊन गेलं होतं आणि आजींच्या भाच्यानं केंद्रावर अडून बसून त्यांना प्रदत्त मतपत्रिका मिळवून दिली होती. कोर्टानं मतपत्रिकांच्या स्थळप्रती, म्हणजे मतपत्रिका फाडून दिल्यावर पुस्तकात उरणारे भाग, मागवल्या. आजींच्या क्रमांकासमोर अंगठा होता, निळ्या शाईचा, अर्धवट उमटलेला. आजी चौथी शिकलेल्या. साक्षीच्या पिंजऱ्यात त्यांनी कागद मागून घेतला आणि मोडीसारख्या वळणाच्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट. समोरच्या वकिलांनी त्यांना विचारलं, 'तुम्ही मत कुणाला देणार होतात?' न्यायाधीशांनी प्रश्न तिथेच थांबवला. मत कुणाला दिलं ते सांगायची सक्ती कुणावरही करता येत नाही.

स्थळप्रतीवरच्या क्रमांकावरून ती खोटी मतपत्रिका सापडली. ती २१२ मधून वजा झाली, दोन्हीकडे २११ उरले. मग आजींचं पाकीट उघडलं. त्यातलं मत दुसऱ्याचं होतं. निकाल फिरला तेव्हा सदस्यपदाच्या मुदतीतली दोन वर्षं सरली होती, हेही सांगायला हवं.

आज यंत्रावर तसा माग काढणं अवघड झालं आहे, म्हणून तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही. तीन खोटी मतं सिद्ध झाली आणि फरक दोनाचा असला, तरी ती तिन्ही जिंकलेल्यालाच गेली असं कोर्ट गृहीत धरत नाही. निकालावर त्यांचा परिणाम झाला हे दाखवायचं ओझं अर्जदारावर असतं. तरी जा असं मी म्हटलं, कारण नोंदवही उघडल्याशिवाय त्यात काय आहे ते कुणालाच कळणार नाही आणि ती उघडायचा दुसरा रस्ता तुमच्यापाशी नाही.

आता गावाचं. वाडीतच दळायला जायचं, एकाच नळावर पाणी भरायचं, पोरांची सोयरीक त्याच भावकीत. ही धास्ती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. म्हणून अर्जात कुणालाही चोर म्हणू नका. पैसे वाटले, दमदाटी केली असे भ्रष्ट आचरणाचे आरोप रागाच्या भरात घातले तर ते जवळजवळ फौजदारी खटल्याइतक्या कसोटीवर सिद्ध करावे लागतात. पुरावा नसेल तर तो एक आरोप अख्खा अर्ज बुडवतो आणि शेजारही तोडतो. तुमचं म्हणणं एवढंच ठेवा : या क्रमांकाचा मतदार हयात नाही आणि त्याच्या नावासमोर मतदान आहे. प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना सामनेवाले करा. त्यात तुमची स्वतःची उमेदवारही येईल. नोटीस पोचण्याआधी तिच्या घरी जाऊन तिला हे सांगा. कोर्टाचा बेलिफ दारात पाहून तिला धक्का बसायला नको.

आणि अर्ज केल्यावर दबाव आला, तर गुपचूप मागे घेऊ असं मनात ठेवून पाऊल टाकू नका. विधानसभेच्या याचिकेत तर कायदाच सांगतो की न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती मागे घेता येत नाही, आणि एकानं सोडली तर दुसरा मतदार ती पुढे चालवायला येऊ शकतो. निकाल साऱ्या मतदारसंघाचा असतो, तो दोघांनी आपसात मिटवायचा बांधाचा वाद नव्हे.

फोननंतर तुम्ही तिघी तीन दिवस तहसील आणि कोर्ट यांच्यात हेलपाटे घालत होतात. तेराव्या दिवशी त्या दोन बायकांपैकी एकीनं, माझं नाव घालू नका, म्हणून निरोप पाठवला. तिला दोष देऊ नका. तिचं नाव वगळून आता अर्जात दोन मतं उरली आहेत, एक मयत गृहस्थांच्या नावावरचं आणि एक दुसऱ्या बाईच्या नावावरचं. फरकही दोनाचाच. अर्ज चौदाव्या दिवशी दुपारी दाखल झाला. नोंदवही जपण्याच्या विनंतीवर पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. त्या दिवशी तिघीही हजर राहा आणि प्रतिनिधीची ती फाटकी यादी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत आणा.