पाठीवरचे वळ दिसले, आता शाळेने काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या सिडको भागातली शाळा, पाचवीचा वर्ग. पीटीच्या तासाला शर्ट वर सरकला आणि एका मुलाच्या पाठीवर वळ दिसले. विचारल्यावर "पडलो" म्हणाला. महिन्याभरात हे दुसऱ्यांदा घडलंय. मुख्याध्यापकांचं म्हणणं, "आधी वडिलांना बोलावून समज देऊ, उगाच पोलीस कशाला?"

वडिलांना बोलावू नका, निदान सगळ्यात आधी तर नकोच. मारणारा घरातलाच असेल तर ही 'समज' त्या मुलालाच भोगावी लागते. ऑफिसात वडील हात जोडतात, "परत नाही होणार सर" म्हणतात, आणि रात्री घरी "शाळेत काय सांगितलंस?" म्हणून पुन्हा मार बसतो. दुसऱ्या दिवशी ते मूल कोणाकडेच तोंड उघडत नाही. मग एक दिवस पालक दाखला मागायला येतात. तपास करणं, खरं-खोटं ठरवणं हे शाळेचं काम नाही. शाळेने बघायचं, नोंदवायचं आणि योग्य ठिकाणी कळवायचं. संशय खरा निघालाच पाहिजे, अशीही अट नाही.

तुम्ही वळांचं जे वर्णन केलंय ते "पडलो" याच्याशी जुळत नाही. खेळताना पडलेल्या मुलाला गुडघा, नडगी, कोपर, कपाळ अशा हाडं वर असलेल्या जागी लागतं. पाठ, कुल्ले, मांडीची मागची बाजू, कानाची पाळी, मान, दंडाची आतली बाजू इथे सहसा लागत नाही. दोन समांतर लाल रेघा आणि मध्ये फिकट पट्टी असेल तर पट्टा किंवा छडी असू शकते. टोकाला वळण असलेली, फासासारखी खूण दुमडलेल्या वायरची किंवा दोरीची असते. हात गरम पाण्यात बुडवल्याचा भाजका डाग मनगटाशी सरळ रेषेत संपतो, तर अंगावर सांडलेल्या पाण्याचे ओघळ वेडेवाकडे पसरतात. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे मात्र ठरवायला जाऊ नका. ते डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. आणि बालवाडीतल्या मुलांच्या कमरेखाली निळसर-करडे डाग दिसले तर ती बहुतेक वेळा जन्मखूण असते. ती दाबली तरी दुखत नाही आणि आठवड्याने पाहिली तरी तशीच असते.

आता मुलाशी बोलण्याविषयी. बहुतेक शाळांची चूक इथेच होते. वर्गशिक्षिका विचारते, मग पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक, मग संस्थेचे सचिव. चौथ्या वेळेपर्यंत मुलाला वाटू लागतं की आपलं सांगणं कोणाला पटलेलं नाही, आणि ते शब्द बदलतं. पुढे कोर्टात नेमका हाच फरक बचावाच्या वकिलाच्या हाती लागतो. म्हणून एकाच व्यक्तीने, मुलाचा जिच्यावर विश्वास आहे तिने, एकदाच बोलावं. जागा अशी हवी की बाहेरच्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही. दार उघडं ठेवलेली ग्रंथालयाची खोली चालेल. "पप्पांनी मारलं का?" असं विचारू नका, त्यात उत्तर तुम्हीच देऊन टाकता. "पाठीला काय झालं, सांगशील?" एवढं विचारा आणि थांबा. मूल बोलू लागलं तर "मग?" आणि "पुढे काय झालं?" एवढेच शब्द पुरतात. "का मारलं?" नको. त्यात मुलाला स्वतःचीच चूक दिसते. "कुणाला सांगणार नाही" हे वचन तर कधीच देऊ नका, कारण तुम्हाला ते पाळता येणार नाही. "तुला मदत करणाऱ्या माणसांना मला सांगावं लागेल, पण वर्गात कुणाला कळणार नाही," असं स्पष्ट सांगा. त्याला बोलायचं नसेल तर ओढून काढू नका. दिसलेले वळ कळवायला तेवढेच पुरेसे आहेत. शर्ट काढायला लावून तपासू नका आणि मोबाइलवर फोटो काढू नका.

नोंद त्याच दिवशी, घरी जायच्या आत करा. पानांना क्रमांक असलेली बांधीव वही ठेवा, सुटे कागद नकोत. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात राहील. नोंद अशी दिसावी:

"मंगळवार, सकाळी १०.४०, पीटीचा तास. उजव्या खांद्याखाली दोन तिरप्या लाल रेघा, अंदाजे १० सेंमी, त्याखाली एक जुनी तपकिरी. विचारल्यावर आधी म्हणाला 'पडलो'. ११.१५ ला ग्रंथालयात, मी एकटी. मी: 'पाठीला काय झालं, सांगशील?' तो: 'चार्जरच्या वायरनं. भाकरी करपली म्हणून.' कोणी मारलं ते त्याने सांगितलं नाही. मी पुढे विचारलं नाही."

मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. मालेगाव, बागलाणकडचं मूल अहिराणीत बोललं तर नोंदही अहिराणीतच हवी. तिचं शुद्ध मराठी करू नका आणि अवयवांची नावं सभ्य करायच्या फंदात पडू नका. "मूल घाबरलेलं होतं" हा तुमचा अंदाज झाला. "बोलताना शर्टाचं बटण सतत पिळत होता" हे तुम्ही पाहिलेलं आहे. वहीत हे दुसरं वाक्य लिहा.

मग १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. २०२३ पासून ही हेल्पलाइन शासनाचा महिला व बालविकास विभाग चालवतो आणि ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. फोनवर आधी जिल्हा आणि भाग सांगा, "नाशिक शहर, सिडको". त्यानंतर मुलाचं वय, दिसलेल्या खुणा, आज रात्री घरी धोका आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूल आत्ता कुठे आहे आणि शाळा किती वाजता सुटते. तक्रारीचा क्रमांक मागून वहीत लिहा. त्याच दिवशी लेखी पत्र बाल कल्याण समितीला आणि त्याची प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला द्या, पोच घ्या. समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाबाबत निर्णय घ्यायचा अधिकार बाल न्याय अधिनियम, २०१५ ने त्यांना दिलाय. मुलाला समितीपुढे लोकसेवक, सामाजिक कार्यकर्ता किंवा कोणीही जागरूक नागरिक सादर करू शकतो, आणि तेही २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच क्रूरपणे वागवलं तर याच कायद्याच्या कलम ७५ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वेळेकडे नीट लक्ष द्या. सकाळी दिसलेली गोष्ट साडेचारला कळवली तर पथक पोचेपर्यंत मूल घरी गेलेलं असतं. शनिवारी अर्धी शाळा, तेव्हा अकराच्या आत फोन झालाच पाहिजे. शाळा सुटेपर्यंत कोणी आलं नाही तर ११२ लावा किंवा अंबड पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याशी बोला. मुख्याध्यापक आणि एक शिक्षिका मुलाजवळ शाळेतच थांबा. मायेपोटीसुद्धा मुलाला स्वतःच्या घरी नेऊ नका. त्यातून तुमच्यावरच पळवल्याचा आळ येऊ शकतो. जखम ताजी असेल, मूल उलट्या करत असेल किंवा झोपाळल्यासारखं वाटत असेल तर आधी त्र्यंबक नाक्याजवळचं जिल्हा रुग्णालय, मग बाकी सगळं. "आधी पोलिसांचा कागद आणा" असं म्हणून तातडीचा उपचार अडवता येत नाही.

प्रकरण लैंगिक असेल, नुसता संशय असला तरी, मुख्याध्यापकांना पर्यायच उरत नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. त्याला पालकांची संमती लागत नाही. नुसतं १०९८ ला किंवा शिक्षणाधिकाऱ्यांना कळवून ही जबाबदारी संपत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, आणि गुन्हा शाळेतल्याच कर्मचाऱ्याने केला असेल तर संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ ला, माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं सांगितलं. शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या २०२४ च्या बदलापूर प्रकरणात शाळेच्या विश्वस्तांवरही याच कारणाने गुन्हा नोंदला गेला. "समाजात बदनामी होईल, मिटवून घेऊ" असं दोन्हीकडचे म्हणतील. हा गुन्हा आपापसात मिटवता येत नाही.

अशा वेळी मुलाला अंघोळ घालू नका आणि कपडे धुवू नका. ते कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा कुजतो. वैद्यकीय तपासणी पहिल्या ७२ तासांत झाली तर पुरावा मिळण्याची शक्यता जास्त, पण त्यानंतरही तपासणी होतेच. म्हणून उशीर झाला असं समजून गप्प बसू नका. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. गणवेशातले पोलीस किंवा पोलिसांची गाडी शाळेच्या मैदानात येऊ नये हे फोनवरच सांगून ठेवा. शाळा शहर आयुक्तालयाच्या हद्दीत आणि घटना सिन्नरची, म्हणजे ग्रामीण पोलिसांकडची, असं असलं तरी शून्य क्रमांकाने, म्हणजे कुठल्याही ठाण्यात, गुन्हा नोंदवता येतो आणि तो पुढे योग्य ठाण्याकडे जातो. "आमची हद्द नाही" हे ऐकून परत फिरू नका.

संशयित शिक्षक, शिपाई किंवा व्हॅनचालक असेल तर त्याला मुलांपासून दूर करा. मुलाला "चार दिवस घरी थांब" म्हणू नका. सीसीटीव्हीचं चित्रण त्याच तासाला वेगळं काढून सीलबंद करा, कारण डीव्हीआरची डिस्क भरली की जुनं पुसलं जातं. संस्थेची अंतर्गत चौकशी पोलिसांना कळवल्यानंतर, आणि त्यातही मुलाला समोर बसवून नाही. गुपचूप दुसऱ्या गावच्या शाखेत बदली केली तर पुढच्या शाळेतली मुलं त्याच्या हाती दिल्यासारखं होतं. आश्रमशाळेत हे आणखी कठीण, कारण मूल रात्रीही तिथेच असतं. तिथे अधीक्षकावरच संशय असेल तर आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाच्या उत्तराची वाट बघण्याआधी पोलीस.

दुर्लक्षाच्या बाबतीत मात्र घाई नको. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याची कुटुंबं निफाड-दिंडोरीला जातात. मूल दोन महिने गैरहजर, मळके कपडे, धाकट्याला सांभाळत असलेलं दिसतं. ही गरिबी आहे, छळ नाही. तिथे हंगामी वसतिगृह, शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून) आणि बाल संगोपन योजनेचा अर्ज कामाला येतो. पण आजारी मुलाला औषधच दिलं जात नाही, रोज उपाशी येतं, घरी रात्री एकटं असतं, तर बाल संरक्षण कक्षाला कळवा.

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळही टाकू नका. "पाचवी ब मधला तो" एवढ्यानेसुद्धा ओळख पटते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड करणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड आहे. शाळेत तिघांनाच माहीत असावं: मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, समुपदेशक.

तुमच्या बाबतीत महिन्यापूर्वीच्या वळांची नोंद नसेल तर आजच्या तारखेने, "तेव्हा दिसलं होतं, आज लिहीत आहे" असं नमूद करून लिहा. मागची तारीख टाकू नका. मुख्याध्यापक तयार नसतील तर त्यांना लेखी द्या, प्रत स्वतःकडे ठेवा आणि १०९८ ला तुम्हीच फोन करा. त्यासाठी त्यांची परवानगी लागत नाही. उद्या तो वर्गात आला की नेहमीच्या बाकावर बसवा, नेहमीचा गृहपाठ द्या. सलग दोन दिवस आला नाही किंवा घरून अचानक दाखल्याचा अर्ज आला, तर दाखला टेबलावर ठेवून आधी तक्रार क्रमांकासह समितीला फोन करा.