सेंट पियेर आणि मिकेलाँ ही बेटं कॅनडाला खेटून असूनही फ्रान्सची कशी? तिथे कोण राहतं, कारभार कसा चालतो, आणि ती कॅनडात का जात नाहीत?

खाली कुणीतरी लिहिलंय, "सहा हजार माणसं, फ्रान्सच्या पैशावर बसून खातात. आपण पाँडिचेरी घेतली तशी कॅनडाने ही बेटं घेऊन टाकावीत." हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी मालवणची, आमचं घर रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासेमारी करणाऱ्यांचं. सध्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला सेंट जॉन्समध्ये असते आणि मासळीच्याच धंद्यात नोकरी करते. त्या बेटांवर जाऊन आलेय.

आधी पाँडिचेरीचं. तिथे माणसं आधीपासून होती, फ्रेंच नंतर येऊन बसले. इथे उलटं आहे. फ्रेंच आले तेव्हा या खडकांवर कायमची वस्ती नव्हती. आज जे राहतात ते बास्क, ब्रेतों आणि नॉर्मन कोळ्यांचे वंशज, शिवाय इंग्रजांनी नोव्हा स्कोशियातून हाकललेले काही अकाडियन, जे बहुतेक मिकेलाँ गावात स्थिरावले. त्यांना "परत जा" म्हणायचं तर कुठे? ते तिथलेच आहेत.

इतिहास थोडक्यात असा. १७१३ च्या उत्रेख्तच्या तहात बेटं इंग्रजांकडे गेली. १७६३ च्या पॅरिसच्या तहात फ्रान्सने कॅनडासारखा अवाढव्य मुलूख सोडला आणि हे खडक तेवढे परत मागून घेतले. शाळेत हे वाचलं असतं तर मलाही हसू आलं असतं. पण त्या काळी कॉड म्हणजे पैसा होता. मासा मारायचा, खारवायचा, दगडांवर पसरून सुकवायचा आणि युरोपात न्यायचा. त्यासाठी जवळ कोरडी जमीन हवी. शिवाय या मासेमारीवर तयार झालेले खलाशी फ्रेंच आरमाराला आयते मिळत. पुढे १७७८ आणि १७९३ मध्ये इंग्रजांनी पुन्हा बेटं घेतली, माणसं उचलून फ्रान्सला धाडली. १८१६ पासून मात्र ती कायमची फ्रान्सकडे आहेत.

भूगोल नकाशावर दिसतोच. एकूण २४२ चौरस किलोमीटर. सेंट पियेर बेट लहान, पण जवळजवळ सगळी माणसं तिथेच. मिकेलाँ आणि लांग्लाद ही दोन मोठी बेटं वाळूच्या बारीक दांड्याने जोडलेली आहेत. तो दांडा अठराव्या शतकात हळूहळू भरत गेला आणि पुढे शेकडो जहाजं त्यावर फुटली. मिकेलाँ गावात सहाएकशे लोक. ते गाव समुद्रापासून इतकं कमी उंचीवर आहे की अख्खं गावच वर, उंच जागी हलवायचं काम सुरू झालंय. गंमत म्हणजे न्यूफाउंडलंडचं घड्याळ आपल्यासारखं अर्ध्या तासाच्या हिशोबात चालतं आणि सेंट पियेर त्याच्याही अर्धा तास पुढे. वीस-पंचवीस किलोमीटरचं पाणी ओलांडलं की घड्याळ बदला, नोटा बदला, प्लगसुद्धा बदला.

आता माझी गोष्ट. मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होते त्या बाई ब्यूरिन द्वीपकल्पाच्या. म्हणजे सेंट पियेरच्या अगदी समोरचा किनारा. १९९२ मध्ये कॉडची बंदी आली तेव्हा त्यांच्या नवऱ्याची मासळीच्या कारखान्यातली नोकरी गेली. इथे त्या बंदीबद्दल लोक आपण भूकंपाबद्दल बोलतो तसं बोलतात, "बंदीच्या आधी" आणि "बंदीच्या नंतर". तीस हजारांहून जास्त माणसांचं काम गेलं. बाईंचं ठाम मत असं की मासा फ्रेंचांनी संपवला. मी सेंट पियेरला जाते म्हटल्यावर म्हणाल्या, "मीही येते, बघू तरी त्या लोकांना." लहानपणी वडिलांबरोबर दारू आणायला गेल्या होत्या म्हणे. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा याच बेटावरून तिकडे दारू जायची. मासळीचे कारखाने दारूची कोठारं झाले होते. ती चोरटी वाट समोरच्या किनाऱ्याने पुढेही सोडली नाही.

फॉर्च्यूनहून फेरी घेतली, दीडेक तासाचं पाणी. धुकं इतकं की बंदर एकदम नाकासमोर आलं. घरं रंगीत, प्रत्येक दाराबाहेर लाकडी खोक्यासारखी छोटी खोली, वारा आणि बर्फ आत येऊ नये म्हणून. रस्त्यावर झाड नाही. बाई पहिल्यांदा बेकरीत शिरल्या, पाव घेतला, आणि मग धक्क्याजवळ सालीनच्या कोळ्यांच्या शेड आहेत तिकडे निघाल्या. तिथे एक म्हातारा डोरी दुरुस्त करत होता. डोरी म्हणजे चपट्या बुडाची लाकडी होडी. इंग्रजी उत्तम बोलत होता.

बाईंनी पाचव्या मिनिटाला विषय काढला. "तुमच्या मोठ्या ट्रॉलरनी आमचा मासा नेला."

म्हातारा हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "मी त्याच ट्रॉलरवर होतो. तुमचे ट्रॉलर शेजारीच असायचे, तेव्हा काय करत होते? प्रार्थना?"

मग दोघांनी हिशोब काढला, आणि मी मध्ये स्टुलावर. म्हातारा म्हणाला, १९८८ मध्ये कॅनडा आम्हाला पाण्यात उतरू देईना म्हणून आमचे पुढारी स्वतः ट्रॉलरवर चढले, तर कॅनडाने ट्रॉलरच पकडून नेला. बाई म्हणाल्या, बरोबर केलं. म्हातारा म्हणाला, मग न्यूयॉर्कच्या लवादाने जून १९९२ मध्ये आम्हाला काय दिलं? साडेदहा सागरी मैल रुंद आणि दोनशे मैल लांब पट्टा, दक्षिणेकडे लांबडा फ्रेंच पाव ठेवल्यासारखा. (एकूण साधारण १२,४०० चौरस किलोमीटर. फ्रान्सने याच्या कितीतरी पट मागितलं होतं.) आणि तीन आठवड्यांत, २ जुलैला, कॅनडाने उत्तरेकडच्या कॉडवर बंदी घातली. पुढच्या वर्षी दक्षिणेचंही पाणी बंद झालं. "पट्टा हातात आला तेव्हा पट्ट्यात मासा नव्हता," असं तो म्हणाला.

बाई गप्प झाल्या, पण हरल्या नाहीत. "तरी सरकार तुम्हाला पोसतंय." म्हातारा म्हणाला, "तुम्हाला नाही पोसलं?" पोसलं होतं. बंदीनंतर कॅनडा सरकारने जी भरपाई दिली तिला इथे "पॅकेज" म्हणतात, आणि बाईंचं घर त्या पॅकेजवरच तगलं. हे मला माहीत होतं, त्यांनीच सांगितलेलं. तिथे मी ते बोलले नाही.

म्हणून "बसून खातात" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. होय, आज तिथे बहुतेक पगार सरकारी तिजोरीतून येतात. पण ज्या माशासाठी दोन देश दोन-अडीचशे वर्षं भांडले तो संपल्यावर त्या माणसांनी काय दगड खायचे? थोडं स्नो क्रॅब, थोडा हलिबट, उन्हाळ्यात पर्यटक, एवढंच उरलंय. २०२५ मध्ये अमेरिकेने जगभर आयातकर लावले तेव्हा या टिकलीएवढ्या बेटांवर पन्नास टक्के लावला होता. कारण काय, तर आदल्या वर्षी एकदा बऱ्यापैकी मासा तिकडे विकला गेला होता आणि तिकडून जवळजवळ काहीच घेतलं नव्हतं. नंतर तो दहा टक्क्यांवर आणला.

कारभाराचं विचारलंत ते सांगते. पॅरिसहून एक प्रीफेक्ट नेमला जातो, तो राज्याचा प्रतिनिधी. स्थानिक प्रादेशिक परिषद १९ जणांची, त्यात १५ सेंट पियेरचे आणि ४ मिकेलाँ-लांग्लादचे, मुदत सहा वर्षं. कर आणि जकात ही परिषद स्वतः ठरवते, ही साधी गोष्ट नाही. दोन नगरपालिका, दोन महापौर. फ्रेंच संसदेत एक खासदार खालच्या सभागृहात, एक सिनेटमध्ये. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात १४ लाखांवर मतदारांना मिळून लोकसभेचा एक खासदार आहे, इथे सहा हजार लोकांना दोन. तिथल्याच आनिक जिरार्दें फ्रान्सच्या परदेशी प्रदेशांच्या आणि नंतर समुद्र खात्याच्या मंत्री होत्या. १९७६ मध्ये बेटांना फ्रान्सचा पूर्ण जिल्हा करून पाहिलं. युरोपचे नियम आणि जकात लागू झाल्यावर शेजारच्या कॅनडाशी व्यवहार अवघड झाला, म्हणून १९८५ मध्ये वेगळा दर्जा दिला. आज चलन युरो आहे, पण बेटं युरोपीय संघात नाहीत.

कॅनडात का जात नाहीत, तर त्यांना जायचं नाही. १९४१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी द गॉलच्या बाजूचा अॅडमिरल म्युझलिए चार जहाजं घेऊन उतरला, बेटं जर्मनीपुढे झुकलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारच्या हातून काढली आणि दुसऱ्याच दिवशी मतदान घेतलं. जवळजवळ सगळी मतं स्वतंत्र फ्रान्सला पडली. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल भयंकर संतापला होता. लोक बधले नाहीत. अजूनही बधणार नाहीत.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, पर्सनेटवाला, म्हणजे यांत्रिक होडीवरून मोठ्या जाळ्याने माशांचा थवाच घेरणारा. त्याचं आणि माझ्या वडिलांचं भांडण मी शाळेत होते तेव्हापासूनचं. बाबा म्हणायचे, रापणीला येणारा बांगडा वर्षागणिक बारीक होतोय. दादाचं एकच पालुपद, "दर्यातलो मासो कधी संपता काय, काका? मलपीचे ट्रॉलर येऊन नेतत, त्यांका हाकला, सगळा ठीक होतला." आणि मी काही बोलले की, "तू गप ऱ्हव, तुका काय कळता दर्यातला?"

तर दादा, कॅनडाने हेच केलं. १९६८ मध्ये परदेशी कारखानावजा जहाजांनी उत्तरेचा कॉड मारला तेव्हा एका वर्षात आठ लाख टन मासा निघाला होता. लोक ओरडले, परदेशी हाकला. १९७७ मध्ये कॅनडाने दोनशे मैलांची हद्द घातली आणि बहुतेक परदेशी हाकललेही. मग काय केलं? स्वतःचे ट्रॉलर बांधले, बँकेने कर्जं दिली, सरकारने अनुदान दिलं, शास्त्रज्ञांनी साठा फुगवून मोजला. किनाऱ्यालगत छोट्या होड्यांवर असणारे कोळी ऐंशीच्या दशकात सांगत होते की मासा लहान होतोय, कमी येतोय. त्यांचं कुणी ऐकलं नाही. "तुम्हाला काय कळतं" हेच त्यांनाही ऐकवलं गेलं. परदेशी गेल्यानंतर पंधरा वर्षांत मासा संपला, तो घरच्यांनी संपवला. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून घातली होती. ती उठली २०२४ मध्ये, आणि कोटा मिळाला १८,००० टनांचा.

कर्नाटकातल्या मलपीचे ट्रॉलर येत नाहीत असं मी म्हणत नाही. येतात, रात्री येतात, जाळी तोडतात. त्यांना अडवलंच पाहिजे. पण त्यांना अडवून झाल्यावर दादाच्या जाळ्याची आस, म्हणजे भोकं, तेवढीच बारीक राहणार असेल आणि रात्री मासा ओढायला एलईडीचे दिवे लागणार असतील, तर मलपीचं नाव कशाला?

हे पटवायला आकडे पुरत नाहीत हे मला कळून चुकलंय. दादाला आकड्यांचा राग येतो. सेंट पियेरचा म्हातारा आणि आमच्या घरमालकीणबाई एका स्टुलाच्या दोन बाजूंना बसून "तुम्ही संपवला, तुम्ही संपवला" करत होते ते त्याने बघायला हवं होतं. शेवटी म्हाताऱ्यानेच थर्मासमधली कॉफी दिली. दोघांनी मिळून कॅनडाच्या मंत्र्यांना शिव्या घातल्या. त्यावर मात्र त्यांचं एकमत होतं.

जाणार असाल तर काही गोष्टी. युरोपात फिरायचा शेंगेनचा व्हिसा या बेटांना आपोआप लागू होत नाही, ती शेंगेनमध्ये नाहीत. भारतीय पासपोर्टवाल्यांनी फ्रेंच वकिलातीत आधी विचारावं. शिवाय परत येताना कॅनडा तुम्हाला आत घेणार का, तेही तपासा. हिवाळ्यात जाऊ नका. दुपारी दुकानं बंद असतात, तेव्हा उपाशी राहाल. इल-ओ-मारँ या समोरच्या छोट्या बेटावर जरूर जा. कॉड सुकवायची दगडी मैदानं तिथे अजून दिसतात, वस्ती मात्र उठून गेली. १८८९ मध्ये सेंट पियेरला एकाला गिलोटीनने, म्हणजे डोकं उडवणाऱ्या यंत्राने, मृत्युदंड दिला, तो याच बेटावरच्या खुनासाठी. कॅरिबियन बेटं सोडली तर उत्तर अमेरिकेत गिलोटीन तेवढ्या एकदाच वापरलं गेलं. गाइड ते हमखास सांगतो. आणि सालीनला कुणी जुना ट्रॉलरवाला भेटला तर त्याला विचारा की मोठा मासा शेवटचा कधी आला. फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवा. इंग्रजीत असलं तरी चालेल, मालवणीत मी करून घेईन.